टोमॅटोला वीस मिनिटं, अंड्याला पाच

आमच्या वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुलं राहतात. रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांच्यातला एक जण जिन्यातूनच हाक मारतो, "काकू, जरा वर येता का?" ह्या वाक्याचा अर्थ मला आता पाठ झालाय. पॅनमध्ये गुलाबी पाणी, त्यात कचकचणारा कांदा आणि वर रबरासारखी झालेली अंडी. "रेसिपी बघूनच केलं होतं हो," हे ठरलेलं पुढचं वाक्य.

बघून केलं असेलच. पण 'टोमॅटो मऊ होईपर्यंत परता' असं कुणी लिहिलं की ही मुलं तीन मिनिटं परततात, आणि 'अंडी शिजू द्या' वाचलं की दहा मिनिटं झाकण ठेवून मोबाइल बघत बसतात. नेमकं उलट व्हायला हवं. सगळा वेळ टोमॅटोचा आहे. अंडं हा शेवटच्या पाच मिनिटांचा कारभार. एवढं जमलं तर कांदा, टोमॅटो, लसूण, अंडी आणि डब्यातला मसाला एवढ्यावर टोमॅटोच्या रश्शात शिजलेल्या अंड्यांचा पोटभर, गरमागरम नाश्ता होतो. पुण्यातल्या कँपातली पारशी मंडळी कुठल्याही भाजीवर अंडं फोडतात, त्याच जातकुळीतला, फक्त आपल्या फोडणीचा.

दोन माणसांसाठी लागेल ते असं: अंडी ४, मध्यम टोमॅटो ४ ते ५ (साधारण ४०० ग्रॅम), मोठा कांदा १, लसणाच्या ५-६ पाकळ्या, तेल २ मोठे चमचे, जिरं अर्धा लहान चमचा, हळद पाव चमचा, कांदा-लसूण मसाला १ लहान चमचा, मीठ, चिमूटभर साखर किंवा गूळ, कोथिंबीर. सोबत लादीपाव. पाव नसेल तर कालची पोळी.

१. गॅस पेटवण्याआधी

अंडी फ्रिजमधून आधी बाहेर काढा. गार अंडं गरम रश्शात सोडलं की रस्सा थंडावतो, पांढरं जमायला वेळ लागतो आणि तोवर खालची बाजू चिवट होते. बाकीची तयारी आणि टोमॅटो शिजेपर्यंत अर्धा तास जातोच, तेवढा पुरतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात ओट्यावर ठेवलेली अंडीसुद्धा गारठलेली असतात. तेव्हा पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे बाळाच्या अंघोळीला घेतो तसं.

अंड्यांच्या वयाबद्दल शंका असेल तर पाण्यानं भरलेल्या पातेल्यात सोडून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशीच, पण उभं राहिलं तर जुनं झालंय, आजच संपवा, आणि ते ह्या पदार्थात न वापरता नीट उकडा किंवा बुर्जी करा, कारण जुन्या अंड्याचं पांढरं पातळ होऊन रश्शात चिंध्यांसारखं पसरतं. तरंगलं तर टाकून द्या.

भांडं हा निम्मा प्रश्न आहे. गोल बुडाची कढई नको. तिच्यात चारही अंडी घसरून मध्यभागी गोळा होतात आणि एकच मोठा गठ्ठा तयार होतो. जाड बुडाचा पसरट पॅन किंवा लंगडी घ्या, साधारण २५ सेंटिमीटरची, आणि तिला नीट बसणारं झाकण आहे का ते आत्ताच बघून ठेवा. ऐनवेळी ताट शोधत फिरू नका. लोखंडी तवा-कढई आणि साधं अॅल्युमिनियम ह्या दोन्हींत टोमॅटो वीस मिनिटं शिजवला की त्याला धातूची चव येते. स्टील, नॉनस्टिक किंवा हार्ड अॅनोडाइज्ड चालेल. कल्हई गेलेलं पितळेचं भांडं आंबट पदार्थाला अजिबात घ्यायचं नाही, हे आजीनं सांगितलेलं असेलच.

मग चिराचिरी. कांदा बारीक. लसूण ठेचून, चिरून नाही. टोमॅटो बारीक चिरा आणि फळीवर साठलेलं पाणीही वाटीत घ्या.

टोमॅटो कुठला? मंडईत किंवा दारावरच्या गाडीवर दोन तऱ्हेचे मिळतात. एक लांबट, कडक, जाड सालीचा. तो टिकतो, पण रस कमी. दुसरा गोल, मऊ, पन्हळी पडलेला, ज्याला भाजीवाल्या मावशी गावठी म्हणतात. तो रसाळ आणि चांगलाच आंबट. ह्या पदार्थाला दोन्ही चालतात, फक्त कडक टोमॅटोला झाकून जास्त वेळ शिजवावं लागतं आणि गावठीला चिमूटभर जास्त साखर लागते. निम्मे-निम्मे मिळाले तर सोन्याहून पिवळं. २०२३च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेले तेव्हा मी पॅकेटमधली प्युरी वापरली होती. ती आधीच शिजवून आटवलेली असते, म्हणून पाऊण वाटी प्युरीला अर्धी वाटी पाणी घाला आणि पुढच्या वेळा निम्म्या करा. केचप ही प्युरी नव्हे. त्यात साखर आणि व्हिनेगर असतं, रस्सा जॅमसारखा लागतो. वरच्या मुलांनी तोही प्रयोग केलेला आहे.

२. कांदा आधी, आणि पूर्ण

तेल तापवा, जिरं घाला. ते फुलून तांबूस झालं की लसूण, आणि लसणाचा कच्चा वास गेला की लगेच कांदा. दोन चिमटी मीठ आत्ताच घाला म्हणजे कांद्याला पाणी सुटून तो लवकर मऊ होतो. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं परता.

इथली घाई नंतर कशानंही भरून निघत नाही. टोमॅटो आंबट, आणि आंबटात भाजी शिजायला अडते. डाळ शिजण्याआधी आपण त्यात आमसूल किंवा चिंच घालत नाही, त्याच कारणानं. कांदा अर्धा कच्चा असताना टोमॅटो पडला, की पुढे कितीही वेळ उकळा, तो दाताखाली येणारच.

तपासणी: कांद्याचा एक तुकडा उलथन्यावर घेऊन बोटानं दाबा. सहज चुरडला आणि कडा सोनेरी झाल्या असतील तर पुढे जा. नुसता पारदर्शक दिसतोय म्हणून फसू नका.

३. मसाला: तीस सेकंद

आच मंद करा. हळद आणि कांदा-लसूण मसाला तेलात घालून जेमतेम अर्धा मिनिट परता. रंग आणि वास तेलात उतरायला हवा, म्हणून टोमॅटोच्या आधी. पण तिखट झटकन करपतं आणि मग कडवट लागतं, म्हणून वाटीत जपून ठेवलेलं टोमॅटोचं पाणी हाताशी असू द्या. ठसका लागायला लागला की ते ओता.

घरी कांदा-लसूण मसाला नसेल तर गोडा मसाला अर्धा चमचा आणि तिखट अर्धा चमचा. गरम मसाल्याच्या नादी लागू नका, अंड्याची चव झाकली जाते.

सावध: विकतच्या कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ असतं. उरलेलं मीठ टोमॅटो आटल्यावर, चव घेऊनच घाला.

४. टोमॅटो: इथे थांबायचं

चिरलेले टोमॅटो घाला, ढवळा, आणि झाकण ठेवून मध्यम-मंद आचेवर सहा-सात मिनिटं शिजू द्या. पाणी घालू नका. टोमॅटोला स्वतःचं पाणी भरपूर असतं. मध्ये एकदा ढवळा. सालं सुटून गुंडाळ्या व्हायला लागल्या की झाकण काढा आणि उलथन्यानं, किंवा पावभाजीचं मॅशर असेल तर त्यानं, फोडी चेचा. खटकणारी सालं चमच्यानं उचलून टाका. मी टाकत नाही.

आता उघड्यावर आटवायचं, आठ ते दहा मिनिटं. ही सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी. सुरुवातीला पॅनमधून पातळ आमटीसारखा खळखळ आवाज येतो. मग बुडबुडे मोठे आणि जड होतात, फटफट फुटतात, ओट्यावर शिंतोडे उडतात (तेव्हा झाकण तिरकं धरा). त्यानंतर आवाज एकदम बदलतो. खळखळ थांबते आणि हलकं चरचर ऐकू येतं. म्हणजे पाणी गेलं आणि टोमॅटो आता तेलात परतला जातोय. रंगही ह्याच सुमाराला फिरतो. केशरी-गुलाबीचा गडद तांबडा, विटकरीकडे झुकणारा होतो. कडेनं तेलाचे थेंब दिसायला लागतात.

आंबटपणाची तक्रार बहुतेक ह्याच टप्प्यात जन्माला येते. "काकू, टोमॅटोच आंबट होते" असं मुलं सांगतात. टोमॅटो आंबट असतातच. तो झणका आटवल्यावर आणि तेलात परतल्यावर मवाळ होतो. साखर घालून कच्चा टोमॅटो लपत नाही, तो फक्त गोड कच्चा टोमॅटो होतो.

तपासणी: उलथन्यानं पॅनच्या मधोमध एक रेघ ओढा. रेघ भरून यायला दोन-तीन सेकंद लागले तर झालं. लगेच भरली तर अजून दोन मिनिटं.

आता चिमूटभर साखर किंवा गूळ घाला, चव घ्या आणि मीठ ठरवा. आत्ताची चव किंचित खारट-तिखट हवी, कारण पुढे पाणी पडणार आहे आणि बेचव अंडी येणार आहेत.

इंडक्शनवर करणाऱ्यांसाठी: स्वस्तातल्या बऱ्याच शेगड्या कमी आचेला सलग तापत नाहीत, चालू-बंद होत राहतात. पातळ बुडाच्या पॅनमध्ये त्यामुळे मधोमध गोल डाग करपतो. जाड बुडाचं भांडं घ्या आणि दर दोन मिनिटांनी बूड खरवडून बघा.

५. पुन्हा सैल करणे

एवढं आटवल्यावर पाणी घालायचं म्हटलं की लोक चमकतात. पण कोरड्या मसाल्यावर अंडं फोडलं तर खालून करपतं आणि वरून कच्चं राहतं. अंडं वाफेवर आणि रश्शाच्या ओलाव्यावर शिजायला हवं. म्हणून अर्धी वाटी गरम पाणी घाला, गार नको, आणि दोन मिनिटं उकळी येऊ द्या.

दाटपणा मिसळीच्या रश्शासारखा नको, पावभाजीच्या भाजीसारखा हवा, किंवा त्याहून किंचित सैल. पळी उलटी करून खड्डा केला तर तो क्षणभर टिकला पाहिजे. टिकत नसेल तर आणखी मिनिटभर आटवा.

६. थांबा. चहा झाला का?

अंडी सोडल्यानंतर तुम्हाला ओट्यापासून हलता येणार नाही आणि पदार्थ झाल्यावर तो कुणाची वाट बघत नाही. बहुतेक खोल्यांत दोनच शेगड्या असतात. म्हणून चहा आत्ता करून थर्मासमध्ये किंवा झाकून ठेवा. ताटल्या काढा. पाव मधून कापून ठेवा. आंघोळीला गेलेल्या माणसाला हाक मारा आणि तो खरोखर बाहेर आल्याची खात्री करून घ्या.

दुसऱ्या शेगडीवर तवा ठेवा, पण पेटवू नका.

७. अंडी सोडणे

आच मंद करा, रश्श्याची उकळी बसू द्या. कडेला एखाद-दुसरा बुडबुडा येत राहिला की पुरे. खळखळत्या रश्शात पांढऱ्याचे तुकडे होऊन ते सगळीकडे पळतं.

पळीच्या पाठीनं चार खड्डे करा, एकमेकांपासून आणि कडेपासून दोन बोटं अंतरावर. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडा. हे सांगितलं की सगळे मान डोलावतात आणि सरळ पॅनवरच फोडतात. चौथं अंडं खराब निघालं की चारशे ग्रॅम टोमॅटो आणि पाऊण तास कचऱ्यात जातो, तेव्हा वाटी आठवते. कवच वाटीच्या धारेवर न आपटता ओट्याच्या सपाट दगडावर टिचका, तुकडे आत कमी जातात. गेलाच एखादा, तर तो फुटक्या कवचाच्या मोठ्या अर्ध्यानं उचला. चमच्यापासून तो माशासारखा निसटतो, कवचाच्या धारेपुढे निमूट येतो.

वाटी रश्शाला जवळजवळ टेकवा आणि अंडं खड्ड्यात घसरवा. उंचीवरून टाकलं तर बलक फुटतो. पांढऱ्यावर चिमूटभर मीठ. कच्च्या अंड्याचा हात लगेच साबणानं धुवा, मग पावाला लावा.

ढवळायचं नाही. एकदाही नाही.

८. झाकण: चार ते पाच मिनिटं

झाकण ठेवा आणि घड्याळ लावा. आता तवा पेटवा, थोडं लोणी किंवा तेल टाकून पाव कापलेल्या बाजूनं भाजायला ठेवा. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी संपतात.

सावध: झाकणावर पाणी ठेवायची आपल्याला सवय असते, कोरड्या भाजीला ती उत्तमच. इथे नको. झाकण गार राहिलं की आत वाफेचे थेंब जमून बलकावर पडतात, त्यावर पांढरट डाग येतात आणि रस्सा वरून पाणचट होतो. झाकण उघडतानाही ते पॅनवर झटकू नका, सरळ बाजूला घ्या.

चार मिनिटांनी बघा. अंड्याचं पांढरं साधारण ६२ अंशाला जमायला लागतं आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतो. ही दरी एवढीच आहे. म्हणून मंद आच, आणि म्हणूनच मोबाइल नको.

तपासणी: पॅन हलकेच हलवा. पांढरं जागचं हलत नाही, दुधी दिसतंय, आणि बलक मात्र डुलतोय, त्यावर पातळशी साय धरल्यासारखी दिसतेय, अशा वेळी लगेच गॅस बंद करा. अजून थोडं लागेल असं वाटत असतानाच. गरम रश्शात ते आणखी मिनिटभर शिजतच राहतं.

बलकाभोवतीचं पांढरं अजून काचेसारखं असेल तर आच वाढवू नका. चमच्यानं कडेचा गरम रस्सा घेऊन फक्त तेवढ्यावर घाला आणि एक मिनिट पुन्हा झाका.

गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा आजारातून उठलेलं कुणी खाणार असेल तर हा डुलणारा बलक विसरा. सात-आठ मिनिटं ठेवा, बलक पूर्ण घट्ट होऊ द्या. त्यांच्यासाठी एका बाजूची दोन अंडी दोन-तीन मिनिटं आधी सोडायची, मग एकाच पॅनमध्ये दोन्ही तऱ्हा होतात.

कोथिंबीर घाला आणि पॅनच टेबलावर न्या. पातेल्यातून पातेल्यात ओतायचा हा पदार्थ नव्हे.

बिघडलंच तर

सोडतानाच बलक फुटला तर त्या एका अंड्याला तसंच राहू द्या. दोन-तीन फुटले तर मन घट्ट करून सगळं ढवळा, आच मध्यम करा आणि टोमॅटोची बुर्जी म्हणून वाढा. कुणाला सांगू नका. खूप आंबट झालं तर चमचाभर साय कडेच्या रश्शात मिसळा, साखरेपेक्षा बरी. खाली लागल्याचा वास आला तर बूड खरवडू नका. वरचा रस्सा अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, आणि हे अंडी सोडण्याआधी लक्षात आलं तरच उपयोग.

सहा-आठ माणसं असतील तर एका पॅनमध्ये बारा अंडी कोंबू नका. रस्सा एकदम करा, पण दोन पॅनमध्ये वाटून घ्या. एवढ्या आकाराला चार अंडी, फार तर पाच.

रोजच्या घाईसाठी

पाचवी पायरी येण्याआधी थांबा. आटवलेला टोमॅटो गार करून झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवस छान राहतो. सकाळी लागेल तेवढा पॅनमध्ये घ्या, गरम पाणी घालून दणदणीत उकळी आणा, मग आच कमी करून अंडी सोडा. दहा-बारा मिनिटांत नाश्ता. पाव आणायला खाली उतरायचं नसेल तर कालची पोळी तव्यावर फडक्यानं दाबून कडक करा. ती रश्शात बुडवायला पावापेक्षा मला जास्त आवडते. अंडी घातलेला पदार्थ मात्र दुपारसाठी ठेवू नका. पुन्हा गरम केला की ते रबर होतंच.

भांडी

अंड्याचा पॅन आधी गार पाण्यात भिजवा. गरम पाण्यानं चिकटलेलं अंडं शिजून आणखी घट्ट बसतं. वास राहिला तर पिळून झालेल्या लिंबाची फोड मीठ लावून घासा, किंवा कोरडं बेसन चोळून धुवा. आमच्या कामाच्या मावशी माळकरी आहेत, अंड्याच्या भांड्याला हात लावत नाहीत, त्यामुळे तो पॅन आमच्याकडे खाणाऱ्यानंच घासायचा असतो. वरच्या मुलांच्या खोलीत तर मालकांचा 'अंडं चालणार नाही' असा कागद दारामागे चिकटवलेला आहे. म्हणून ती पॅन घासायला खाली माझ्याकडे येतात.